मिश्रणातून वीज : सेंद्रिय सौर घटांतील पॉलिमर

विजेच्या तारांवर प्लास्टिकचे वेष्टन असते, कारण त्यातून वीज वाहत नाही. परंतु ज्या पॉलिमरच्या, म्हणजे लहान रेणू एकमेकांना जोडून झालेल्या लांब साखळीच्या, कण्यात कार्बन अणूंमधील एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात, ते ‘संयुग्मित’ पॉलिमर या समजुतीला अपवाद ठरतात. अशा साखळीत दुहेरी बंधांतील काही इलेक्ट्रॉन एका बंधापुरते अडकून न राहता अनेक अणूंवर पसरतात आणि पदार्थ अर्धसंवाहकासारखा वागू लागतो. पॉलिॲसिटिलीनवर आयोडीनची प्रक्रिया केल्यास त्याची संवाहकता प्रचंड वाढते, हे ॲलन हीगर, ॲलन मॅकडायार्मिड आणि हिदेकी शिराकावा यांनी १९७७ साली दाखवले. या कार्यासाठी त्यांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पॉलिमरपासून सौर घट बनवताना खरी अडचण येते ती प्रकाश शोषल्यानंतर. सिलिकॉनमध्ये प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन आणि त्याच्यामागे उरलेली धनभारित पोकळी सहज वेगळे होतात. सेंद्रिय पदार्थात मात्र विरुद्ध भारांमधील आकर्षण तितके क्षीण होत नसल्याने ती दोन्ही जोडीनेच राहतात. ‘एक्सायटॉन’ म्हणून ओळखली जाणारी ही जोडी साधारण दहा नॅनोमीटर सरकते आणि तेवढ्या अंतरात इलेक्ट्रॉन ओढून घेणारा ‘ग्राही’ पदार्थ भेटला नाही, तर वीज न देताच विझते. उलट, पुरेसा प्रकाश शोषण्यासाठी थर शंभर नॅनोमीटरच्या आसपास जाड असावा लागतो.

कोडॅक कंपनीतील चिंग टँग यांनी १९८६ मध्ये इलेक्ट्रॉन देणारा ‘दाता’ आणि ग्राही यांचे दोन थर एकावर एक ठेवून सुमारे एक टक्का कार्यक्षमता मिळवली होती, पण त्यात दोन्ही पदार्थांची भेट फक्त थरांच्या सीमेवरच होई. सांता बार्बरा येथील हीगर यांच्या गटाने १९९५ मध्ये दाता म्हणून पॉलिमर आणि ग्राही म्हणून फुलरीन या कार्बन रेणूचे संयुग एकाच द्रावणात मिसळून थर दिला, त्यामुळे ही सीमा थराच्या संपूर्ण जाडीत पसरली. पुढे बहुचर्चित ठरलेल्या पॉलि-३-हेक्झिलथायोफीनमध्ये गंधकयुक्त वलयांचा कणा असून त्याला जोडलेल्या सहा कार्बनांच्या उपशाखांमुळे तो द्रावकात विरघळतो, आणि थर तापवला की साखळ्या एकमेकींना लागून रचल्या जातात व भारांची वाट सुकर होते. त्याचे घट चार-पाच टक्क्यांपर्यंत पोहोचले, परंतु साधारण ६५० नॅनोमीटरपलीकडील प्रकाश हा पॉलिमर शोषू शकत नाही.

यावर उपाय म्हणून एकाच साखळीत इलेक्ट्रॉन देणारे व घेणारे घटक आलटून पालटून गुंफण्यात आले, ज्यामुळे कमी ऊर्जेचा, अधिक लांब तरंगांचा प्रकाशही कामी येऊ लागला. फुलरीनच्या जागीही नवे ग्राही आले. २०१९ मध्ये चीनमधील संशोधकांनी ‘पीएम६’ हा पॉलिमर आणि ‘वाय६’ हा ग्राही रेणू यांच्या जोडीतून १५.७ टक्के कार्यक्षमता नोंदवली, आणि त्यानंतर प्रयोगशाळेतील छोट्या घटांनी १९ टक्क्यांचा टप्पा ओलांडला.

सिलिकॉनची कार्यक्षमता आणि टिकाऊपणा अद्याप सरस असला, तरी शाईप्रमाणे लवचिक पत्र्यावर छापता येणारा, हलका आणि अर्धपारदर्शक घट हे या पॉलिमरचे वेगळे बलस्थान आहे. मात्र ज्या बारीक मिश्रणामुळे वीज मिळते, तेच उष्णतेने हळूहळू विलग होऊ लागते, तर ऑक्सिजन, ओलावा आणि अतिनील किरण रेणूंचे बंध बिघडवतात. म्हणून अधिक टक्केवारी देणाऱ्या पॉलिमरइतकीच, वर्षानुवर्षे उन्हात आपली घडण टिकवून धरणाऱ्या मिश्रणाची या क्षेत्राला गरज आहे.