आधी देहाची ओळख, मग क्ष-किरणांची

आमच्या वसतिशाळेतून बाहेर पडलेली काही मुले-मुली बारावीनंतर रेडिओग्राफीच्या, म्हणजे क्ष-किरण तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाकडे वळली आहेत. त्यांपैकी एका विद्यार्थिनीचा, प्रवेश घेऊन महिना होतो न होतो तोच, आम्हांला फोन आला. "सर, मी मशीन चालवायला शिकायला आले होते. इथे पहिल्या दिवसापासून हाडांचीच नावे पाठ करून घेतात. दोनशे सहा हाडे! मला काही डॉक्टर व्हायचे नाही. मग हे सारे कशासाठी? मी हा कोर्स सोडून देऊ का?"

आम्ही इतिहासाचे शिक्षक. त्या क्षणी "सोडू नकोस, थोडा धीर धर" एवढेच सांगू शकलो. पण तिच्या प्रश्नाला धीराचा सल्ला हे उत्तर नव्हे, ही टोचणी मनाला लागून राहिली. पुढे आम्ही पुस्तके चाळली आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांशी बोललो. त्यातून जे उमगले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडत आहोत. ज्यांची मुले हा मार्ग धरू पाहत आहेत, त्या पालकांनाही त्याचा उपयोग व्हावा, अशी अपेक्षा आहे.

क्ष-किरणांचे चित्र म्हणजे सावली

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म रोंटगेन यांना एका अज्ञात किरणाचा शोध लागला. अज्ञात म्हणून 'क्ष'. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि बोटातली अंगठी स्पष्ट दिसत होती. मांसाची मात्र फिकट छायाच उमटली होती. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

त्या पहिल्या चित्रातच आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. क्ष-किरणांचे चित्र हे छायाचित्रापेक्षा सावलीच्या अधिक जवळचे असते. किरण शरीरातून आरपार जातात. वाटेत जो पदार्थ त्यांना जितका अडवतो तितका तो चित्रात पांढरा दिसतो. फुप्फुसातली हवा जवळजवळ काहीच अडवत नाही, म्हणून ती काळी. चरबी थोडे अडवते, म्हणून ती गडद करडी. स्नायू, रक्त, यकृत, हृदय यांत पाण्याचा अंश मोठा, म्हणून ती फिकट करडी. हाडात कॅल्शिअम असते. त्याचा अणुक्रमांक २०, तर मऊ भागांत मुख्यत्वे असणाऱ्या कार्बनचा ६ आणि ऑक्सिजनचा ८. म्हणून हाड पांढरे उमटते आणि धातू त्याहूनही पांढरा. हवा, चरबी, मऊ भाग, हाड आणि धातू अशा या पाच छटांतच सारे चित्र वाचावे लागते.

शिवाय सावलीत पुढचे-मागचे सारे एकावर एक पडते. छातीच्या चित्रात बरगड्या, गळपट्टीची हाडे, हृदय आणि फुप्फुसे एकाच पातळीवर आलेली असतात. कोणती रेघ कशाची हे ज्याला देह ठाऊक आहे त्यालाच कळते. एखादे बोट समोरून पाहिले तर हाड अखंड दिसते आणि बाजूने पाहिले तर तडा दिसतो. म्हणूनच हाडाची चित्रे एकमेकांशी काटकोनात किमान दोन बाजूंनी घेतात.

ऊतींचा अभ्यास कशासाठी?

शरीर पेशींचे बनलेले आहे. एकाच प्रकारचे काम करणाऱ्या पेशींच्या समूहाला ऊती म्हणतात. मानवी शरीरात मुख्य ऊती चार: आच्छादन करणारी, आधार देणारी आणि जोडणारी, आकुंचन पावणारी म्हणजे स्नायूंची, आणि संदेश वाहणारी म्हणजे चेतांची. हे वर्गीकरण परीक्षेपुरते पाठ करून विसरण्याचे नव्हे. क्ष-किरण विभागात ते रोज उपयोगी पडते.

हाड ही जोडणाऱ्या ऊतींपैकीच एक. कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या जाळ्यावर कॅल्शिअम फॉस्फेटचे स्फटिक बसून ते घट्ट होते. ते जिवंत असते, म्हणूनच मोडलेले हाड पुन्हा सांधते. कास्थीत, म्हणजे कुर्च्यात, असे कॅल्शिअम नसते. म्हणून ती चित्रात वेगळी दिसत नाही. वाढत्या मुलाच्या हाडाच्या टोकाशी अशा कास्थीची पट्टी असते. चित्रात तिथे काळी रेघ दिसते आणि नवख्या माणसाला हाड मोडल्याचा भास होतो. मूल आपल्या प्रौढाची लहान प्रतिकृती नसते, हे शरीरशास्त्र इथे शिकवते.

आतडे आणि त्याच्या शेजारचे स्नायू यांची छटा जवळजवळ सारखीच असते. मग आतडे वेगळे कसे दाखवायचे? त्यासाठी रुग्णाला बेरिअम सल्फेटचे पांढरे मिश्रण पाजतात. बेरिअमचा अणुक्रमांक ५६ असल्याने ते किरणांना ठळकपणे अडवते. रक्तवाहिन्या आणि मूत्रमार्ग दाखवण्यासाठी आयोडीनयुक्त औषध शिरेतून देतात. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंडाचे कार्य ज्याला समजले, त्याला औषध देण्यापूर्वी रुग्णाच्या रक्ताच्या तपासणीतला क्रिएटिनीनचा आकडा का पाहतात हेही समजते.

श्वास रोखा, हलू नका

क्ष-किरण विभागात ज्याने कधी छातीचे चित्र काढून घेतले असेल, त्याला हे शब्द आठवत असतील. हनुवटी वर, छाती पट्टीला टेकलेली, हात कमरेवर, खांदे पुढे, मोठा श्वास घ्या आणि रोखून धरा. या प्रत्येक सूचनेमागे शरीररचनेचे एकेक कारण आहे.

खांदे पुढे केले की पाठीवरची फलकाच्या आकाराची हाडे फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. मोठा श्वास घेतला की श्वासपटल खाली उतरते आणि फुप्फुसे पूर्ण उघडतात. अर्धवट श्वासात घेतलेल्या चित्रात फुप्फुसांचा तळ दाट दिसतो आणि हृदय आहे त्याहून मोठे भासते. मग नसलेल्या आजाराची शंका येते. छाती पट्टीला आणि पाठ यंत्राकडे ठेवण्याचे कारणही असेच आहे. हृदय छातीच्या पुढच्या बाजूस असते. ते पट्टीजवळ राहिले की त्याची सावली कमी फुगते. दिव्यासमोर हात धरून भिंतीवरची सावली पाहणाऱ्या लहान मुलालाही हे तत्त्व ठाऊक असते: हात भिंतीजवळ नेला की सावली आटोपशीर होते.

फुप्फुसांचा क्षय बहुधा वरच्या भागात दिसतो आणि नेमकी तिथेच गळपट्टीची हाडे आडवी येतात. गरज पडल्यास रुग्णाला किंचित मागे रेलवून ती हाडे वर सरकवलेले वेगळे चित्र घेतात. आतड्याला छिद्र पडल्याची शंका असेल तर रुग्णाला शक्य असल्यास काही मिनिटे उभे ठेवून किंवा बसवून मग चित्र घेतात. कारण पोटात निसटलेली हवा वर चढून श्वासपटलाखाली काळ्या चंद्रकोरीसारखी दिसते. तोच रुग्ण आडवा असेल तर ती हवा पोटभर पसरते आणि नजरेतून निसटू शकते. इथे प्रश्न रुग्णाच्या प्राणाचा असतो. निदान डॉक्टर करतात हे खरे. पण डॉक्टरांच्या हाती जे चित्र पडते ते तंत्रज्ञाने घेतलेले असते.

आणखी एक उदाहरण. माणूस पडताना हात टेकतो आणि मनगट दुखावते. मनगटात आठ लहान हाडे असतात. त्यांतले अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्कॅफॉइड सर्वांत अधिक वेळा मोडते. त्याचा रक्तपुरवठा बोटांकडच्या बाजूने येतो. मध्ये तडा गेला तर कोपराकडचा तुकडा रक्तावाचून मरू शकतो. पहिल्या दिवशी हा तडा चित्रात दिसेलच असे नाही. म्हणून मनगट विशिष्ट कोनात वळवून चित्रे घेतात आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा बोलावतात. त्या रुग्णाला "पुन्हा कशाला?" असा प्रश्न पडतोच. तो हातावर पोट असणारा मजूर असेल, तर त्याला नीट समजावून सांगणे हाही तंत्रज्ञाच्या कामाचाच भाग आहे.

किरण हितकारक, तसेच घातकही

१९०६ साली बर्गोनिए आणि ट्रिबोंदो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एक नियम मांडला: ज्या पेशी झपाट्याने विभागतात आणि अजून पूर्ण परिपक्व झालेल्या नसतात, त्यांना किरणांची इजा अधिक होते. अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर, प्रजनन इंद्रिये आणि गर्भ यांना म्हणूनच अधिक जपावे लागते. प्रौढ चेतापेशी आणि स्नायू त्या मानाने टिकाव धरतात. ऊतींचे ते चार प्रकार इथे पुन्हा भेटतात. किरणांचा झोत हव्या त्या भागापुरताच ठेवणे, एकदा घेतलेले चित्र चुकीपायी पुन्हा घ्यावे लागू न देणे, स्त्री रुग्णाला गर्भधारणेविषयी आदराने आणि एकांतात विचारणे या साऱ्या सवयी शरीरशास्त्राच्या ज्ञानातूनच लागतात.

आपल्या देशात यावर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. मुंबईत मुख्यालय असलेले हे मंडळ १९८३ साली स्थापन झाले. किरणांशी काम करणाऱ्या व्यक्तीला पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळू नये, असा दंडक आहे. ती मोजण्यासाठी छातीवर लावलेला बिल्ला घरी विसरणे हा निष्काळजीपणा आहे, हे आम्ही पालकांच्याही कानी घालतो.

नावांची भीती

मराठी माध्यमातून गेलेल्या मुलांना खरी धास्ती असते ती नावांची. आम्ही त्यांना सांगतो की ही नावे इंग्रजीही नाहीत. बहुतेक लॅटिन किंवा ग्रीक आहेत, आणि लंडनच्या मुलालाही ती तितकीच परकी असतात. अर्थ कळला की परकेपणा जातो. क्लॅव्हिकल म्हणजे लहान किल्ली, पेल्व्हिस म्हणजे परात, पटेला म्हणजे छोटे तबक, स्कॅफॉइड म्हणजे होडीसारखे, थायरॉइड म्हणजे ढालीसारखे. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांनी घरातल्या वस्तूंवरूनच ठेवली.

दुसरा उपाय आपल्या देहावर शिकण्याचा. मान पुढे वाकवली की मुळाशी हाताला ठळक लागतो तो बहुधा मानेचा सातवा मणका. खांद्याच्या फलकाचे खालचे टोक साधारण पाठीच्या सातव्या मणक्यापाशी येते. कमरेच्या हाडांची वरची कड कमरेच्या चौथ्या मणक्याच्या रेषेत असते. या खुणांवरूनच किरणांचा मध्य ठरवतात. आणि उजवे-डावे नेहमी रुग्णाचे, आपले नव्हे. चित्रावर बाजूचे अक्षर चुकले तर शस्त्रक्रिया भलत्या बाजूला होण्याचा धोका असतो.

देह, स्पर्श आणि इतिहास

इतिहासाचे शिक्षक म्हणून एक गोष्ट नोंदवल्यावाचून राहवत नाही. महासतिपट्ठान सुत्तात देहाच्या एकतीस भागांचे चिंतन सांगितले आहे. पुढे त्यात मेंदू मिळवून ते बत्तीस झाले. तिथे दृष्टान्त आहे तो दोन्ही बाजूंनी तोंडे असलेल्या धान्याच्या थैलीचा. डोळस माणूस ती उघडतो आणि हे साळीचे, हे मुगाचे, हे तिळाचे दाणे असे वेगवेगळे ओळखतो. त्या चिंतनाचा हेतू आसक्ती सोडण्याचा आहे, वैद्यकाचा नव्हे. पण देह जसा आहे तसा, भाग भाग करून पाहण्याची दृष्टी त्यात आहे. तंत्रज्ञाला तर थैली न उघडताच दाणे ओळखायचे असतात.

पाहण्याची ही दृष्टी सर्वत्र टिकली नाही. युरोपात शतकानुशतके गेलनचा ग्रंथ प्रमाण मानला गेला. त्याने मुख्यतः प्राण्यांचे विच्छेदन केले होते आणि माणसाच्या खालच्या जबड्यात दोन हाडे असल्याचे सांगितले होते. १५४३ साली व्हेसेलिअसने आपल्या ग्रंथात ते एकच हाड असल्याचे दाखवले, कारण त्याने स्वतः मानवी देह उघडून पाहिला होता. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मृतदेह पाण्यात ठेवून अभ्यासण्याची रीत सांगितलेली आहे. परंतु धर्मशास्त्रांनी मृतदेहाचा स्पर्श अशौच ठरवला आणि ते हातांनी शिकणे मागे पडले. मेलेले जनावर ओढणाऱ्या आणि स्मशानात राबणाऱ्या हातांना याच समाजाने अस्पृश्य ठरवले. १८३६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पंडित मधुसूदन गुप्त यांनी विद्यार्थ्यांसह शवविच्छेदन केले, तेव्हा ही भिंत आधुनिक काळात प्रथम ओलांडली गेली. शिवाशिवीने केवळ माणसांचा अपमान केला असे नाही. तिने या देशाचे ज्ञानही रोखून धरले.

म्हणूनच आमची मुले-मुली आज हे शास्त्र शिकत आहेत याचे आम्हांला मोल वाटते. क्ष-किरण तंत्रज्ञाचे काम स्पर्शावाचून होत नाही. रुग्णाचा खांदा वळवावा लागतो, कमरेचे हाड चाचपावे लागते, दुखरा हात उचलून पट्टीवर ठेवावा लागतो. तो स्पर्श सांगून-विचारून, हळुवार आणि जाणता असायला हवा. जाणतेपणा येतो तो त्या दोनशे सहा हाडांच्या अभ्यासातून.

त्या विद्यार्थिनीला आम्ही पुढे हेच कळवले. तिने अभ्यासक्रम सोडला नाही. परवा सुटीत ती शाळेत आली, तेव्हा सातवीच्या मुलींना अंगणात ओळीने उभे करून प्रत्येकीला आपापल्या मानेचा सातवा मणका शोधायला लावत होती.