सेकंदाचा शंभरावा हिस्सा

तलावाच्या काठावर भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्या मोठ्या घड्याळाला तासकाटा नाही. लाल काटा मिनिटात एक फेरी मारतो आणि पहाटे साडेपाचच्या बॅचचं सगळं त्या फेरीवर चालतं. काटा साठावर आला की लेनमधला पहिला मुलगा भिंतीला पाय मारून सुटतो, पाच सेकंदांनी दुसरा, आणखी पाचांनी तिसरी. ही तिसरी अकरा वर्षांची आहे. आज आठ पन्नास आहेत, दर सव्वा मिनिटाला एक. लवकर पोचलं तर दम खायला मिळतो, उशीर झाला तर तोही नाही. "दहावर निघायचं, बारावर नाही!" सर काठावरून ओरडतात.

पुण्यातल्या या तलावावर ती आली ती उन्हाळी शिबिरासाठी. तेव्हा तिची आवड सोपी होती: मुटका मारायचा, तळाशी टाकलेलं नाणं बुडी मारून वर आणायचं. आजोबांच्या पिढीत कमरेला वाळका भोपळा बांधून पोराला विहिरीत सोडायचे, आणि बुडाला नाही म्हणजे पोहायला आलं. शर्यतीच्या पोहण्यात एवढ्याने काहीच होत नाही.

इथे भिंतीवरून सुटल्यावर आधी हात मारायचेच नाहीत. तळव्यावर तळवा, दंड कानांना घट्ट चिकटवलेले, आणि पाण्याखालून सरळ जायचं. पाण्याच्या वरच्या थरात पोहणारं शरीर लाटा उठवतं आणि त्या लाटा उठवण्यात त्याची ताकद वाया जाते. पुरेसं खाली गेलं की हा तोटा घटतो. याचा फायदा इतका, की फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये सूर मारल्यावर आणि प्रत्येक टर्ननंतर 15 मीटरच्या आत डोकं वर आलंच पाहिजे असा नियम करावा लागला. पाण्याखालचे हे मीटर तिला सगळ्यांत आवडतात. बॅकस्ट्रोकमध्ये भिंत दिसत नाही, म्हणून भिंतीच्या अलीकडे 5 मीटरवर पताका टांगलेल्या असतात. पताका डोक्यावरून गेल्या की हिचे चार हात, मग पलटी. आधी पाच लागायचे. एक हात कमी झाला त्या दिवशी तिने ते सरांना दोनदा सांगितलं.

जिल्ह्याच्या पहिल्या स्पर्धेत मात्र फजिती झाली. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात भिंतीला एकाच वेळी लागावे लागतात. तिचा उजवा आधी लागला. पंचांनी हात वर केला आणि निकालाच्या कागदावर तिच्या नावापुढे वेळेच्या जागी 'डीक्यू', म्हणजे बाद, आलं. रडेल असं आईला वाटलं होतं. ती चिडली. पुढचा आठवडाभर प्रत्येक लांबी तिने दोन हात टेकवूनच संपवली, फ्रीस्टाइलसुद्धा. शर्यतीची आवड बहुधा अशा चिडीतूनच रुजते, कारण डिसेंबरच्या पहाटे गारठलेल्या फरशीवर पोराला उभं करायला निव्वळ मजा पुरत नाही.

शिवाय घड्याळ सगळ्यांशी वेगवेगळं बोलतं. सहावी आलेली मुलगी स्वतःच्या जुन्या वेळेतून अर्धा सेकंद काढते आणि हसत बाहेर येते. शेजारच्या लेनमधली, पहिली आलेली, तोंड पाडून बसते. नव्या पालकांना हे समजायला वेळ लागतो. ते "कितवी?" विचारतात, मुलं "किती?" सांगतात.

हा 'किती' केवढा बारीक असतो ते कोल्हापूरच्या वीरधवल खाडेला विचारावं. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो उतरला तेव्हा त्याला सतरावं वर्षही पुरं झालं नव्हतं. 2010 साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने 50 मीटर बटरफ्लायचं कांस्य जिंकलं. 1986 साली सेऊलमध्ये खजानसिंगने रौप्य मिळवल्यानंतर जलतरणात भारताच्या हाती लागलेलं हे पहिलंच आशियाई पदक. मग तहसीलदाराची नोकरी आली आणि तलाव लांब राहिला. 2018 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तो पुन्हा उभा होता. 50 मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत 22.43 सेकंद, राष्ट्रीय विक्रम. अंतिम फेरीत 22.47. कांस्य 22.46ला गेलं. त्या वेगात सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात माणूस जेमतेम सव्वादोन सेंटीमीटर सरकतो. तरी तो लगेच थांबला नाही. 2023च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्याने घेतलं, आणि महिलांचं त्याची पत्नी ऋजुताने.

याहून बारीक मोजून पाहिलं गेलंय. 1972 साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये 400 मीटर मेडलीचं सुवर्ण स्वीडनच्या गुन्नार लार्सनला दोन सहस्रांश सेकंदांनी मिळालं, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटरनी. तेवढा फरक तलावाच्या बांधकामातच असू शकतो! पुढे शंभरावा हिस्सा हीच हद्द ठरली. म्हणून 2016 साली रिओमध्ये 100 मीटर बटरफ्लायमध्ये 51.14ची वेळ देणाऱ्या फेल्प्स, ले क्लॉस आणि चेह या तिघांनाही रौप्य द्यावं लागलं.

पुढच्या स्पर्धेचा अर्ज आलाय. आईने फ्रीस्टाइल आणि बॅकस्ट्रोकपुढे खुणा करून ठेवल्या होत्या. हिने ओल्या हातांनीच पेन घेऊन बटरफ्लायपुढचा चौकोन भरला.

"परत बटरफ्लाय?" आईने विचारलं.

"पन्नासच घेतलंय गं. शंभर पुढच्या वर्षी."

शाळेची बस सातला येते. डब्यातला पोळीचा रोल तोंडात धरून ती कपडे बदलायला पळाली.