पहिली डुबकी, सगळ्या घराची

सुट्ट्या जवळ आल्या की हल्ली अनेक मराठी घरांत एक बेत शिजतो: यंदा सगळ्यांनी मिळून स्कूबा करायचे. मालवण-तारकर्ली गाडीने गाठता येते, अंदमानची तिकिटे आधी काढली तर परवडतात, आणि एखाद्या नातेवाइकाने पाण्याखालचा व्हिडिओ आधीच दाखवलेला असतो. मग चौकशी सुरू होते. मासे कुठे जास्त, पाणी कुठे नितळ, माणशी किती पडतात, व्हिडिओचे पैसे वेगळे की पॅकेजमध्येच? प्रश्न रास्त आहेत, पण ते ज्याला डायव्हिंग येते त्याचे आहेत. घरात दहा वर्षांचे मूल, पोहता न येणारी आई आणि पंचेचाळिशी ओलांडलेले बाबा असतील, तर ठिकाणाची कसोटी वेगळी लावायला हवी. डायव्हिंग करणाऱ्यांमध्ये जगभर एक नियम पाळला जातो: कोणीही, कोणत्याही क्षणी, कारण न सांगता डाइव्ह थांबवू शकतो आणि त्याबद्दल त्याला कोणी बोल लावत नाही. घरातल्या सर्वांत लहान किंवा सर्वांत घाबरट माणसाला हा नियम जिथे खरोखर वापरता येईल, ते ठिकाण पहिल्या डुबकीसाठी योग्य. बाकी सगळे त्यानंतर.

या नियमामागे निव्वळ शिष्टाचार नाही, शरीराचे गणित आहे. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन. त्यामुळे कानातल्या हवेचे आकारमान पहिल्या दहा मीटरमध्येच निम्म्यावर येते. पुढच्या दहा मीटरमध्ये होणारा बदल त्याहून कमी असतो. म्हणजे ‘फार खोल जायचे नाही’ या वाक्याने पालकांना वाटतो तेवढा दिलासा मिळत नाही. कानांवरचा सर्वांत मोठा ताण नवशिक्या ज्या उथळ पाण्यात उतरतो तिथेच येतो. घाटात गाडी उतरताना कानात दडे बसतात, तोच प्रकार इथे काही सेकंदांत आणि कितीतरी जोराने होतो. नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारत कान मोकळे करायचे, दुखण्याआधीच करायचे, आणि नाही जमले तर थोडे वर यायचे, एवढाच उपाय आहे. लहान मुलांच्या कानाची नळी अरुंद आणि आडवी असते. त्यात सर्दी असेल तर ती उघडतच नाही. दुसरी गोष्ट याहून गंभीर. सिलिंडरमधून दहा मीटरवर घेतलेला श्वास रोखून कोणी वर आले, तर ती हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुसाला इजा करू शकते. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, हा स्कूबाचा पहिला धडा. घाबरलेला माणूस मात्र नेमके तेच करतो: श्वास रोखतो आणि वर धाव घेतो.

तेव्हा भीती वाटली की ती वेळीच सांगता येणे ही सुरक्षेची पहिली पायरी आहे, आणि पाण्याखाली सांगायचे ते हाताने. इथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. प्रशिक्षक पाण्यात ‘ठीक आहे का?’ असे विचारतो तेव्हा मूल सवयीने अंगठा वर करते. स्कूबात वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ ‘वर चला’ असा असतो. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा, काही बिघडले तर पंजा आडवा धरून हलवायचा आणि मग दुखणाऱ्या जागेकडे बोट दाखवायचे. या खुणा होडीत बसल्या बसल्या पाच मिनिटांत सांगून होतात. हातात बसत नाहीत. त्या हातात बसतात कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यांवर बसून, मास्कमध्ये मुद्दाम थोडे पाणी घेऊन ते नाकाने बाहेर फुंकताना, तोंडातला, हवा देणारा रेग्युलेटर काढून पुन्हा लावताना. उभे राहिले की डोके पाण्याबाहेर येते, ही खात्री असलेल्या जागी मुलाने हे दोन-चारदा केले की त्याची भीती मोजता येते आणि आवरताही येते. म्हणून ठिकाण निवडताना विचारायचा पहिला प्रश्न: समुद्राआधी तलावात किंवा शांत उथळ पाण्यात सराव होतो का, आणि किती वेळ?

वयाचे नियमही हेच सांगतात. पॅडी ही डायव्हिंग शिकवणारी मोठी आंतरराष्ट्रीय संस्था आठ वर्षांच्या मुलांना स्कूबाची ओळख करून देते, पण फक्त दोन मीटरपर्यंत. समुद्रातल्या पहिल्या अनुभवासाठी किमान वय दहा आणि कमाल खोली बारा मीटर आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने ज्युनिअर ओपन वॉटरचा पूर्ण कोर्स केला, तरी ते डायव्हिंगचे प्रमाणपत्र असलेल्या पालकाशिवाय किंवा व्यावसायिक प्रशिक्षकाशिवाय पाण्यात उतरू शकत नाही आणि बारा मीटरच्या खाली जाऊ शकत नाही. सगळ्यांसाठीच वैद्यकीय प्रश्नावली असते. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया यांची त्यात चौकशी होते. पंचेचाळिशीनंतर प्रश्न वाढतात. गरोदरपणी डायव्हिंग करायचेच नाही. हा कागद किनाऱ्यावर रांगेत उभे राहून भरायचा नसतो. तो निघण्याआधी महिनाभर मागवून घरच्या डॉक्टरांना दाखवावा. ज्या केंद्राला आठ वर्षांच्या मुलाचे वय किंवा बाबांचा दमा विचारावासा वाटत नाही, तिथे कोणाचे ‘नको’ ऐकून घेतले जाईल याची आशा धरू नये.

आता हंगाम. कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात होडी घालत नाहीत, हे मासेमारांचे शहाणपण पर्यटकांनाही लागू आहे. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, आणि मे संपता संपता समुद्र आधीच फुगू लागतो. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा आटोपून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि त्यात माणसे दगावली. ती दुर्घटना पाण्याखाली घडली नव्हती, परतीच्या वाटेवर घडली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. लाइफ जॅकेट, बोटीत बसवलेली माणसे आणि त्या दिवशीची लाट यांचा हिशेब सिलिंडरइतकाच महत्त्वाचा आहे. अंदमानातही नैर्ऋत्य मोसमी पाऊस मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोहोचतो. म्हणजे शाळेच्या सुट्टीचा उत्तरार्ध दोन्हीकडे वाईट. डिसेंबर ते एप्रिल हा काळ बरा. जमत नसेल तर मेचा पहिला आठवडा, आणि तोही समुद्र नको म्हणाला तर बेत बदलायच्या तयारीने.

या कसोटीवर ठिकाणे पाहू. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे आणि सरावासाठी तलावही आहे. ज्याला पाण्यात उतरायचे नाही त्याला सिंधुदुर्ग किल्ला आहे, खाडी आहे, मालवणी जेवण आहे. दिवस फुकट जात नाही. पाणी अंदमानइतके नितळ नसते, पण पहिल्यांदा उतरणाऱ्याचे अर्धे लक्ष स्वतःच्या श्वासाकडेच असते. अंदमानातल्या स्वराज द्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरून नवशिक्यांना उथळ प्रवाळापर्यंत नेतात. बोटीचे हेलकावे नाहीत, आणि परत फिरायचे तर किनारा मागेच. कुटुंबासाठी हा मोठा गुण आहे. लक्षद्वीपची खाऱ्या पाण्याची सरोवरे (लगून) शांत आणि उथळ, मात्र तिथे प्रवेशपरवाना लागतो आणि आयत्या वेळी बेत हलवणे अवघड. मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट सुंदर असले तरी बराच वेळ बोटीत काढावा लागतो; समुद्रावर मळमळणाऱ्या मुलाला तिथून एकट्याला परत पाठवता येत नाही. नेत्राणी दुसऱ्या सहलीसाठी ठेवावे.

परतीचा प्रवासही निवडीचाच भाग आहे. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, म्हणून एका डाइव्हनंतर किमान बारा तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान अठरा तास विमानात बसू नये, अशी मान्य शिफारस आहे. स्वराज द्वीपावरून फेरीने पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला यावे लागते, तिथे एक मुक्काम केला की हे अंतर सहज राखले जाते. मालवणहून मात्र लोक सकाळी डाइव्ह करून संध्याकाळी आंबोली चढतात. विमानाची शिफारस सुमारे सहाशे मीटरपासूनच्या उंचीला लागू होते आणि आंबोली सातशे मीटरच्या आसपास आहे. एका छोट्या उथळ डाइव्हनंतर धोका कमी असतो हे खरे, तरी घाट दुसऱ्या दिवशी चढण्यात काही जात नाही.

यावर पहिला आक्षेप पैशांचा येईल. हजारो लोक मालवणला एका सकाळीत स्कूबा करून सुखरूप परततात, मग दोन मुक्काम जास्तीचे कशाला? सुखरूप परतणारेच बहुसंख्य असतात, हे मान्य. पण एका सकाळच्या बेतात ‘एवढे पैसे भरलेत, आता उतर’ हे वाक्य अटळ होते, आणि सर्दी झालेले मूल त्या वाक्याखातर कान दुखत असताना खाली जाते. दोन दिवस हाताशी असले की तेच मूल आज किल्ला पाहते आणि उद्या बरे वाटले तर उतरते. जास्तीचा खर्च या सवडीचा आहे, आणि तो चौघांऐवजी ज्यांना खरेच उतरायचे आहे अशा दोघांचे बुकिंग करून भरूनही निघतो. दुसरा आक्षेप असा की इतकी सावधगिरी मुलांचा उत्साह मारते. प्रत्यक्षात मुलांचा उत्साह मारते ती पहिल्याच दिवशी बसलेली धास्ती; ती पुढे पोहण्याच्या तलावापर्यंत पाठ सोडत नाही. स्नॉर्केलिंग करून पाण्याशी दोस्ती केलेले मूल पुढच्या वर्षी स्वतःहून सिलिंडर मागते.

तेव्हा फोन उचलाल तेव्हा माशांबद्दल शेवटी विचारा. आधी विचारा: मुलाबरोबर एकट्यासाठी प्रशिक्षक असेल का? प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे? बोटीवर ऑक्सिजन आणि प्रथमोपचार आहेत का? आणि सगळ्यांत महत्त्वाचे: सराव झाल्यावर मुलाने नको म्हटले, तर पैसे परत मिळतील किंवा तारीख पुढे जाईल का? या प्रश्नाला ज्याचे उत्तर न अडखळता ‘हो’ येते, त्याच्याकडे जा, पाणी थोडे गढूळ असले तरी. नितळ पाणी पुढेही मिळेल. पहिल्या डुबकीनंतर घरातल्या प्रत्येकाला पुन्हा उतरावेसे वाटले पाहिजे, आणि ज्याला वाटत नाही त्यालाही सहल आपली वाटली पाहिजे. कुटुंबाची सहल यशस्वी झाली असे तेव्हाच म्हणता येईल.