साखरेचा डबा

आपल्या कुंपणापाशी चार अनोळखी माणसे थांबून आत डोकावू लागली, की आपण ‘काय पाहिजे?’ असे विचारतो, आणि तेही जरा चढ्या आवाजात. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सीमेजवळ, पॅटागोनिया नावाचे हजाराच्या आत वस्तीचे गाव आहे. १९७०च्या दशकात तिथे राहायला आलेल्या वॉली आणि मॅरियन पेटन यांच्या कुंपणाशी अशीच माणसे दुर्बिणी लावून उभी राहू लागली. पेटन पतिपत्नींनी फाटक उघडून त्यांना आत बोलावले.

माणसे यायची ती परसात टांगलेल्या साखरपाण्याच्या बाटल्यांवरचे हमिंगबर्ड पाहायला. आपल्याकडे जास्वंदीवर भिरभिरणाऱ्या शिंजिरालाच पुष्कळजण हमिंगबर्ड म्हणतात. पण खरे हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. शिंजीर बहुधा डहाळीवर बसून मध पितो, हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत पितो आणि चक्क मागेही उडतो. पेटन यांच्याकडचा मानाचा पाहुणा म्हणजे ‘व्हायोलेट-क्राउन्ड’: जांभळा माथा, पांढरेशुभ्र पोट, लाल चोच आणि वजन आपल्या पाच रुपयांच्या नाण्याहून कमी. हा मुख्यतः मेक्सिकोचा पक्षी. अमेरिकेत तो दक्षिण सीमेलगतच्या थोड्याशा भागात दिसतो, आणि तिथेही हमखास दिसावा तर या परसात.

पाहुणे वाढले तशी यजमानांनी बाके मांडली, उन्हासाठी छप्पर उभारले, पक्ष्यांची पुस्तके ठेवली, काय दिसले ते लिहायला फळा लावला. बाटल्यांचे कामही रोजचेच. एक भाग साखर, चार भाग पाणी; रंग घालायचा नाही, मधही नाही आणि उन्हाळ्यात पाणी आंबायच्या आत बदलायचे. खर्चासाठी ‘शुगर फंड’ असे लिहिलेला एक डबा ठेवलेला. ज्याला वाटेल त्याने वाटेल ते टाकावे.

माझे आयुष्य बँकेत तारण आणि जामीनदार तपासण्यात गेले. त्यामुळे मुलाकडे फिनिक्सला गेलो तेव्हा, पावतीवाचून चाललेला हा व्यवहार जिथे रुजला ती जागा मुद्दाम पाहायला गेलो.

वॉली २००१ साली गेले. मॅरियनबाईंनी फाटक उघडेच ठेवले. २००९ मध्ये त्याही गेल्या, तेव्हा मात्र खरा प्रश्न उभा राहिला. घर खासगी, कुणा नव्या मालकाने फाटकाला कुलूप लावले असते, तर त्याला कोण बोलणार? घरच्या माणसांनी आणि शेजाऱ्यांनी बाटल्या भरत्या ठेवल्या. पक्षिप्रेमींनी वर्गणी काढली आणि २०१४ मध्ये टक्सन ऑड्युबॉन या संस्थेने ती जागा ताब्यात घेतली. आज ते पेटन यांच्याच नावाचे हमिंगबर्ड केंद्र आहे.

आम्ही बाकावर तासभर बसलो. शेजारच्या आजोबांनी न बोलता बोटाने खूण केली आणि आपली दुर्बीण हिच्या हातात दिली. तो आला, दोन घोट प्यायला आणि गेला. अनोळखी आठ-दहा माणसे एकमेकांकडे पाहून घरचे कार्य पार पडल्यासारखी हसली.

परतताना ही म्हणाली, ‘‘आपल्याकडे जास्वंद आहे, शिंजीरही येतो. बाक तेवढे नाही.’’