नियमाचा शब्द की नियमाचा हेतू? जादूच्या लढाईतला एक तंटा

आज आपण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातला एक तंटा घेऊ. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एक पात्र चालवतो. डंजन मास्टर गोष्ट सांगतो, शत्रू चालवतो आणि निवाडाही करतो. शत्रूही तोच, पंचही तोच. अडचण इथूनच सुरू होते.

२०१४च्या नियमपुस्तकात असं आहे : बोनस ॲक्शनने मंत्र टाकला की त्याच पाळीत दुसरा मंत्र नाही, अपवाद फक्त एका ॲक्शनच्या कँट्रिपचा, म्हणजे अगदी प्राथमिक मंत्राचा. आता बघा. जादूगाराने ॲक्शन खर्चून 'फायरबॉल' टाकला, शत्रूने तो 'काउंटरस्पेल'ने अडवला. जादूगार रिॲक्शन वापरून त्या काउंटरस्पेललाच उलट काउंटरस्पेल घालू शकतो. पण तोच जादूगार जीव वाचवायला 'मिस्टी स्टेप'ने ३० फूट पलीकडे सटकू पाहतो आणि शत्रू तेही अडवतो. मिस्टी स्टेप पडला बोनस ॲक्शनचा मंत्र, म्हणून उलट वार नाही! आगीचा गोळा वाचवता येतो, जीव नाही. खेळाडू म्हणतो, नियमाचा हेतू एका पाळीत मंत्रांचा भडिमार नको एवढाच; मी तर बचाव करतोय.

असा युक्तिवाद आपणही करतो. पावसाळ्यात इथे चिंचोटीच्या धबधब्यावर जायला मनाईचा आदेश निघतो. बुडालेल्याला शोधणाऱ्या जवानाला तो लागू नाही, हे सांगायला वकील लागत नाही.

मीमांसक मात्र सावध. जैमिनींनी सहा प्रमाणांची उतरंड लावली : श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. विरोध आला की आधीचं बलवान. थेट शब्द पहिला, संदर्भ चौथा. (जैमिनींचा विषय यज्ञ, आमचा फायरबॉल, असो.)

आम्ही इथे शब्दाच्या बाजूने आहोत. जवानाला सोडल्याने कुणाचं काही जात नाही. टेबलावर मात्र शेजारच्या खेळाडूने हाच नियम लक्षात ठेवून मिस्टी स्टेप टाळलेली असते, मार खाल्लेला असतो. आता नियम वाकवला तर त्याने मार कशासाठी खाल्ला? शिवाय हेतू सांगणार कोण, तर शत्रू चालवणारा! आज तो हेतू तुम्हाला तारेल, उद्या मारेल. नियम खुळा वाटला तर लढाई संपल्यावर, सगळ्यांसमक्ष, पुढच्या खेळापासून बदला.

२०२४च्या आवृत्तीत तो बदललाच : एका पाळीत मंत्रासाठी एकच स्लॉट खर्चायचा. पण नवा काउंटरस्पेल म्हणतो, अडवलेल्या मंत्राचा स्लॉट खर्च होत नाही. मग उलट काउंटरस्पेल टाकायच्या क्षणी पहिला स्लॉट खर्च झालाय की नाही?