बावीस सप्तमांशाचा सण

वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागलं की येणारी ती न संपणारी संख्या, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातला 'पाय', हिचा उत्सव जगभर १४ मार्चला होतो. सुरुवात केली सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयातल्या लॅरी शॉ या भौतिकशास्त्रज्ञाने, १९८८ साली. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो, त्यामुळे १४ मार्च म्हणजे ३/१४. शिवाय तिकडे फळांचं सारण भरलेल्या गोल पदार्थालाही 'पाय'च म्हणतात. तारीख जुळली, कोटी जुळली, खाण्याची सोय झाली. आणखी काय हवं? २०१९ मध्ये युनेस्कोने हाच दिवस आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून जाहीर केला. तक्रार करावी असं यात काही नाही. फक्त आपण ही तारीख १४/३ अशी लिहितो आणि १४.३ या संख्येला गणितात कोणी विचारत नाही. मराठीत पाय म्हटल्यावर सारणही आठवत नाही, चालायचा अवयव आठवतो. त्यात मार्च म्हणजे परीक्षांचा हंगाम. त्या दिवसांत गणिताशी खेळा असं दहावीच्या मुलाला सांगणं हा जरा क्रूर विनोद आहे. आपल्या लिहिण्याच्या रीतीत चपखल बसते ती २२ जुलै, म्हणजे २२/७. शाळा सुरू होऊन महिना झालेला असतो, वह्या कोऱ्या असतात आणि घटक चाचणी अजून अंगावर आलेली नसते.

हा केवळ सोयीचा मामला नाही. पायची किंमत ३.१४१५९२६... अशी पुढे जात राहते. ३.१४ म्हटलं तर आपण खऱ्या किमतीपेक्षा सुमारे ०.००१५९ ने कमी पडतो. २२/७ म्हणजे ३.१४२८५७..., तिथे सुमारे ०.००१२६ ने जास्त होतो. म्हणजे ज्या अपूर्णांकाला आपण ढोबळ म्हणून नाक मुरडतो, तोच दशांशातल्या दोन घरांपेक्षा खऱ्याच्या जवळ आहे. आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूची. वर्तुळाच्या आतून आणि बाहेरून ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती आखून आर्किमिडीजने पाय ही संख्या २२३/७१ आणि २२/७ यांच्या मध्ये कोंडली होती. बावीस सप्तमांश हा नुसता अंदाज नाही, सिद्ध झालेलं छत आहे: पाय त्याच्या खाली आहे, एवढं अगदी निश्चित.

यावर गणिताचे शिक्षक एक आक्षेप घेतील, आणि तो खरा आहे. पाय म्हणजेच २२/७ असं मानणारी मुलं वर्गावर्गांत असतात; त्याच अपूर्णांकाचा सण केला तर ही समजूत आणखी घट्ट होणार नाही का? पण ३.१४ तरी वेगळं काय आहे? तोही १५७/५० हा अपूर्णांकच, फक्त दशांशचिन्हाचा कोट घातलेला, म्हणून जास्त अचूक भासणारा. अंदाजाला अंदाज म्हणण्याची शिस्त आपल्याकडे जुनी आहे. इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटाने २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला आणि तो 'आसन्न', म्हणजे जवळपासचा, असं स्पष्ट म्हटलं. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'लीलावती'त दोन किमती शेजारी शेजारी ठेवल्या: सूक्ष्म हवी तर ३९२७/१२५०, आणि व्यवहाराला चालेल अशी स्थूल हवी तर २२/७. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. त्या परंपरेतला विद्यार्थी 'स्थूल' हा शब्द गाळून २२/७ शिकलाच नसता. चूक अपूर्णांकाची नाही, तो शब्द गाळणाऱ्यांची आहे.

दुसरा आक्षेप उत्साही मंडळींचा: खरी गंमत दशांश घोकण्यात आहे. असेल. पण आंतरग्रहीय यानांच्या मार्गदर्शनासाठी नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीला दशांशचिन्हानंतरची १५ घरं पुरतात, आणि संगणकांनी २०२२ मध्येच १०० लाख कोटी अंक काढून ठेवले आहेत. या शर्यतीत माणसाने कुठवर धावायचं? विल्यम शँक्स या इंग्रज गणितज्ञाने हाताने आकडेमोड करून १८७३ मध्ये ७०७ घरं छापली. पॅरिसच्या विज्ञान संग्रहालयाने ती एका गोल दालनाच्या भिंतीवर मिरवली. पुढे लक्षात आलं की ५२८ व्या घरापासून सगळंच चुकलेलं आहे. इतकी वर्षं कोणाचंही काही अडलं नव्हतं, हे मात्र बोलकं आहे.

त्यापेक्षा २२ जुलैला पाय पायानेच मोजावा. बाहेर पाऊस असणारच, तेव्हा शाळेचं सभागृह घ्यावं. एकाच मुलाची सात पावलं, टाचेला अंगठा लावून, मोजायची. तेवढी दोरी कापायची, एक टोक मधोमध धरून दुसऱ्याला खडू बांधून वर्तुळ काढायचं. मग त्याच मुलाने रेघेवरून तसंच टाचेला अंगठा लावत चालायचं. ४४ पावलं झाली की तो सुरुवातीच्या खुणेवर येतो. काटेकोर हिशोब ४३.९८ पावलांचा आहे. पाऊल २४ सेंटीमीटरचं धरलं तर ४४ वं पाऊल खूण ओलांडून जेमतेम चार मिलिमीटर पुढे पडेल. खडूची रेघच त्याहून जाड असते. चालताना होणाऱ्या हलगर्जीपणापुढे तर बावीस सप्तमांशाची चूक दिसणारही नाही.

दमलेल्यांसाठी काड्यापेटी आहे. जमिनीवर काडीच्या लांबीच्या दुप्पट अंतराने समांतर रेघा मारायच्या आणि २२० काड्या कशाही फेकायच्या. अठराव्या शतकातल्या ब्यूफाँ या फ्रेंच विद्वानाच्या गणितानुसार सरासरी ७० काड्या रेघेला छेदतात, आणि २२० भागिले ७० म्हणजे पुन्हा २२/७. प्रत्यक्षात मोजणी ६३ ते ७७ च्या दरम्यान कुठेही सहज जाईल. म्हणजे उत्तर ३.४९ येऊ शकतं, २.८६ ही येऊ शकतं. इतकं वाईट उत्तर फळ्यावर कशाला लिहायचं, असं कोणी म्हणेल. लाझारिनी नावाच्या इटालियन गणितज्ञाने १९०१ मध्ये ३,४०८ वेळा सुई टाकून सहा दशांशांपर्यंत बिनचूक किंमत काढल्याचं जाहीर केलं, आणि तेव्हापासून त्याच्या प्रयोगाकडे संशयानेच पाहिलं जातं, कारण नशीब इतकं नेमकं नसतं. पाचवीच्या वर्गाने ३.४ लिहिलं, तर त्यांनी काड्या खरोखरच टाकल्या होत्या असं समजावं.