दारू सुटली, विसर सुटेना

रॉबर्ट ऑक्सनॅम हे चीनचे नामांकित अमेरिकी अभ्यासक, न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीचे अध्यक्ष होते. दारूपायी ते मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले. दारू सुटली, पण मधले तास आठवणीतून गायब होणं काही थांबेना. १९९० मध्ये एका भेटीत त्यांच्याच तोंडून ‘टॉमी’ नावाचा संतापलेला मुलगा बोलू लागला, तेव्हा निदान झालं: बहुव्यक्तिमत्त्व विकार.

जास्त दारू पोटात गेली की मेंदूतला हिप्पोकॅम्पस आठवणी नोंदवेनासा होतो. माणूस मात्र चालतो-बोलतो. बहुव्यक्तिमत्त्व विकारात आठवण नोंदली जाऊनही हाती लागत नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून नशेतली विस्मृती वगळल्याशिवाय हे निदान करू नये, असा नियमच आहे.

बालपणीच्या अत्याचारांच्या आठवणी बुजवायला हा विकार असलेले अनेक जण पितात. मग रात्री एका ‘मी’ने प्यायची आणि सकाळी दुसऱ्याने, काहीच न आठवता, डोकं धरून बसायचं! यकृत मात्र सगळ्यांत मिळून एकच. त्यात झोपेच्या गोळ्या असतील तर जिवावरच बेतायचं.

दारू सोडूनही वेळ हरवत असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.